शो-फोटोसाठी कुत्र्याला उभं करायला शिकताना: आधी पाय, चेहरा शेवटी

कुत्र्याचा फोटो काढायचा म्हटलं की घरातला प्रत्येक जण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. डोळे कसे आलेत, जीभ बाहेर आहे का, ‘किती गोड हसतोय’ वगैरे. डॉग-शोच्या पद्धतीच्या फोटोत चेहऱ्याचा नंबर शेवटी लागतो. तो फोटो असतो बांध्याचा. बाजूनं घेतलेला, चारही पाय दिसणारा, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ स्वच्छ कळेल असा. एखाद्या जाणकारानं नुसती आकृती बघून ‘पुढचा भाग चांगला आहे, मागचे पाय थोडे सरळ आहेत’ असं म्हणावं, इतकं त्यात दिसायला हवं.

असं उभं करण्याला शोच्या मंडळींत ‘स्टॅक’ म्हणतात आणि करणाऱ्याला हँडलर. कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांचाच, म्हणजे वंशावळीची नोंद असलेलाच, असायला हवा, असं काही नाही. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या घरांतून आणि मांजलपूर-कारेलीबागेच्या सोसायट्यांतून कितीतरी जणांकडे लॅब, पग, पॉमेरेनियन आहेत, आणि गल्लीतून उचलून आणलेली देशी पिल्लंही आहेत. सगळ्यांना हे शिकवता येतं. देशी कुत्र्याचा नीट उभा फोटो तर माझ्या मते सगळ्यात देखणा येतो: ताठ कान, बेताची कंबर, पाठीवर वळलेली शेपटी. त्याला कुणी उभं करत नाही, एवढंच.

आधी जात बघा

सगळ्या कुत्र्यांना एकाच साच्यात उभं करायचं नसतं. प्रत्येक जातीचं ‘ब्रीड स्टँडर्ड’, म्हणजे त्या जातीचा बांधा कसा असावा याचं लेखी वर्णन असतं. फेडरेशन सायनोलॉजिक इंटरनॅशनल, म्हणजे एफसीआय, या १९११ साली स्थापन झालेल्या जागतिक संस्थेच्या वेबसाइटवर ही स्टँडर्ड फुकट वाचता येतात. भाषा किचकट वाटली तरी पाठ, शेपटी आणि पाय यांवरचे परिच्छेद तेवढे वाचा.

लॅब्रॅडॉर, ग्रेट डेन, डॉबरमन, बीगल ही मंडळी चारही पायांवर चौरस उभी राहतात, टेबलाच्या पायांसारखी. लॅबची जाड शेपटी पाठीच्या रेषेतच मागे यावी, वर उचललेली नको. बीगलची मात्र वर हवी. जर्मन शेफर्डची तऱ्हा वेगळी: कॅमेऱ्याकडचा मागचा पाय मागे घेतलेला आणि पलीकडचा पोटाखाली पुढे. नवखे लोक लॅबलाही तसंच ताणून उभं करतात आणि मग त्याची पाठ उतरती का दिसते म्हणून कोड्यात पडतात.

मुधोळ किंवा आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात त्या कुत्र्याची कंबर किंचित कमानदार असते आणि शेपटी खाली सोडलेली, टोकाशी वळलेली. भारतीय टपाल खात्यानं २००५ साली चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. त्याला खेचून सपाट पाठ करायचा प्रयत्न केलात, तर त्याचं सगळं सौंदर्यच गेलं.

पग, पॉमेरेनियन, डॅशहुंड अशा छोट्या कुत्र्यांना शोमध्ये टेबलावर उभं करतात. घरीही मजबूत, न डुगडुगणारं टेबल आणि वर रबरी मॅट घ्या. टेबलावर कुत्रा असताना एक हात कायम त्याच्यावर हवा. फोन वाजला तर वाजू द्या. डॅशहुंडला उचलताना छातीखाली एक आणि मागच्या भागाखाली एक असे दोन हात लावायचे. त्याची लांब पाठ मणक्याच्या दुखण्यांना आधीच सोपी असते.

घरातला सराव

पहिली अडचण जवळजवळ प्रत्येक घरात तीच. कुत्र्याला सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते: खाऊ दिसला की बसायचं. आजी पोळीचा तुकडा वर धरतात, कुत्रा बसतो, तुकडा मिळतो. रोज, वर्षानुवर्षं. आता तुम्ही खाऊ काढून ‘उभा राहा’ म्हणालात तर तो आणखी मन लावून बसणार, कारण त्याच्या हिशेबानं तो बरोबरच वागतोय.

म्हणून सुरुवात अशी करा. पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा मुठीत घ्या. मूठ कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, नाकासमोर. वर नाही. वर गेली की डोकं वर जातं, बूड खाली येतं. मूठ सरळ रेषेत स्वतःकडे ओढा. कुत्रा एक-दोन पावलं पुढे येईल आणि थांबेल. चारही पाय जमिनीवर आहेत त्याच क्षणी ‘उभा’ म्हणा आणि तुकडा द्या. तो बसलाच तर रागावू नका, तुकडाही देऊ नका, एक पाऊल मागे सरकून पुन्हा ओढा. आज्ञेचा शब्द ‘उभा’ असो, ‘स्टँड’ असो की गुजराती, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आजींनाही यात सामील करून घ्या, नाहीतर सकाळी तुम्ही शिकवलेलं दुपारच्या चहापर्यंत पुसलं जाईल.

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं. याहून जास्त नाही. उभं राहण्याचा वेळ आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. फोटोला पाच सेकंदांची स्थिरता पुरते, त्यामुळे त्याला पुतळा बनवायच्या मागे लागू नका.

सराव कुठे करताय ते बघा. कोटा स्टोन किंवा चकचकीत टाइलवर पाय घसरतात. घसरण्याच्या भीतीनं कुत्रा पाय फाकवून, अंग चोरून उभा राहतो. ती सवय लागली की मैदानावरही जात नाही. जुनी योगा मॅट अंथरा. सतरंजी नको, तीच सरकते. समोर कपाटाचा उभा आरसा असेल तर फारच छान. बाजूनं आकृती कशी दिसते ते तुम्हाला वाकून न बघता कळतं.

हातानं उभं करणं

खाऊवर उभं राहता येऊ लागलं की पाय मांडायला शिका. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला. शोच्या रिंगणात कुत्री घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात आणि परीक्षक मध्ये उभे असतात, त्यामुळे परीक्षकांना कुत्र्याची डावी बाजू दिसते. शो-फोटोही बहुतेक त्याच बाजूनं घेतात: फोटोत कुत्र्याचं तोंड डावीकडे.

क्रम पाळायचा तो असा: डोकं ताब्यात, पुढचे पाय, मागचे पाय, शेपटी, पुन्हा डोकं. मागचे पाय आधी मांडलेत आणि मग पुढचे हलवलेत, तर मागचे पुन्हा बिघडतात. हे समजायला एकदा उलटं करून बघा.

पट्टा कानांच्या मागे, मानेच्या अगदी वरच्या टोकाला घ्या. गळ्याच्या मधोमध नको. उजव्या हातात पट्टा किंवा हनुवटी, हलकेच. आता डावा पुढचा पाय मांडायचा आहे. पंजा धरून ओढू नका. बहुतेक कुत्र्यांना पंजाला हात लावलेला आवडत नाही आणि ती पाय लगेच झटकून घेतात. कोपराशी धरा. आणि उचलण्याआधी त्याचं डोकं किंचित उजवीकडे वळवा. डोकं उजवीकडे गेलं की वजन उजव्या पायावर जातं, डावा पाय हलका होतो, बोटांच्या जोरावर उचलला जातो. जिथे हवा तिथे ठेवा आणि डोकं सरळ करा. वजन पुन्हा त्या पायावर येतं आणि पाय तिथेच राहतो. उजव्या पायासाठी डोकं डावीकडे. शो-फोटोची निम्मी विद्या या वजनाच्या हालचालीत आहे. जो ओढाताण करतो त्याचा कुत्रा विरोध करतो. जो आधी वजन सरकवतो त्याला जोर लावावाच लागत नाही.

पाय कुठे ठेवायचा? खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडलाय अशी कल्पना करा. तो कोपराजवळून उतरून पंजाशी यायला हवा. पंजा पुढे गेला तर कुत्रा मागे रेललेला वाटतो, मागे गेला तर पुढे कलंडलेला.

मागचा पाय धरताना हॉकशी धरा. मागच्या पायाला खालच्या बाजूला जो मागे निघालेला टोकदार सांधा असतो, तो हॉक. हॉकपासून पंजापर्यंतचा भाग जमिनीला काटकोनात हवा, आणि पंजा बुडाच्या टोकाच्या थोडासाच मागे. पलीकडच्या पायासाठी पाठीवरून हात घाला. पोटाखालून हात गेला की पुष्कळ कुत्री पाठ वर काढतात. जर्मन शेफर्डच्या बाबतीत फक्त डाव्या पायाचा हॉक काटकोनात, उजवा पाय पोटाखाली.

हे सगळं झाल्यावर कुत्रा मागे रेलतोय असं वाटलं तर पुढे ओढू नका. शेपटीच्या मुळाशी धरून अगदी अलगद मागे खेचा. ओढलं की उलट्या बाजूला जोर देणं हा त्याचा स्वभाव; तो आपणहून पुढे वजन टाकेल, छाती पुढे येईल, मान उचलली जाईल. ‘अलगद’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. शेपटी धरून कुत्रा उचलणारे हँडलरही बघायला मिळतात, त्यांचं अनुकरण नको.

कुत्रा एकच पाय सारखा आत घेत असेल, किंवा ठरावीक पायाला हात लावला की मागे वळून बघत असेल, तर सराव बंद करा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तो हट्ट नसून दुखणं असू शकतं. वाढत्या पिल्लांना, विशेषतः शेफर्डच्या, ताणलेल्या स्थितीत फार वेळ धरू नये.

हात न लावता

शेवटी हवं असतं ते हे. तुम्ही समोर, कुत्रा समोर, मध्ये सैल पट्टा. त्याला दोन पावलं चालवत आणा आणि थांबा. चालता चालता थांबलेला कुत्रा बरेचदा आपणहून नीटच उभा राहतो. एखादा पाय चुकला असेल तर तुम्ही अर्धं पाऊल त्याच्याकडे टाका, तो मागे सरकेल. तुम्ही मागे गेलात तर पुढे येईल. पाय जमले की खाऊची मूठ त्याच्या नाकापासून हातभर दूर, नाकाच्याच उंचीवर. मान आपोआप पुढे आणि वर येते. फार जवळ धरलीत तर तो चाटत बसतो.

जागा आणि वेळ

बडोद्यात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस. जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो, आठ ते नऊचं ऊन तिरपं आणि मऊ असतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा काढायचाच असेल तर साडेसातच्या आत उरका. जमिनीवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यात बाहेर उभं करूच नका. तसंही उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्याची वीतभर जीभ बाहेर येते, डोळे बारीक होतात, आणि फोटो वाया जातो.

उत्तरायणाचा आठवडा सोडून द्या. १४ जानेवारीच्या पुढेमागे प्रत्येक मैदानावर मांजा पडलेला असतो, तो पायात गुंतला तर कापतो. दिवाळीचे फटाके वाजत असताना कुणाचंच कुत्रं शेपटी नीट ठेवत नाही, तेव्हा त्या दिवसांचाही विचार नको.

जागा म्हटलं की सगळ्यांना आधी कमाटीबाग सुचते. माझा सल्ला, नको. आत प्राणिसंग्रहालय आहे; तिथल्या वासांत तुमचं कुत्रं तुमच्या पनीरकडे ढुंकूनही बघणार नाही. वर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी. विश्वामित्रीचा काठ फोटोत हिरवागार दिसतो, पण त्या नदीत मगरी आहेत आणि त्या काठावर येऊन पडतात. कुत्र्याला घेऊन काठाशी जायचंच नाही, पट्टा बांधलेला असला तरी. भायली-सेवासीकडे कुणाचं शेत ओळखीचं असेल तर उत्तम. नाहीतर कार्यक्रम नसेल त्या दिवशी एखादं मोकळं मैदान, किंवा आपल्या सोसायटीचं आवारही चालतं. फक्त मोकाट कुत्री कुठे झोपतात ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

गवत असेल तर कापलेलं हवं, पंजे बुडता कामा नयेत. जमीन सपाट; थोडा उतार असलाच तर कुत्र्याची पुढची बाजू चढाकडे. मागची पार्श्वभूमी साधी आणि दूर. लक्ष्मी विलास राजवाडा मागे घ्यायचा मोह होतो. होऊ द्या, पण तो फोटो वेगळा काढा. ज्या फोटोत पाठीची रेघ बघायची, तिच्या मागे घुमट आणि कमानी नकोत.

अंघोळ आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी. ताज्या धुतलेल्या अंगावरचे केस फुलून राहतात, लॅबच्या पाठीवर तर चक्क लाटा दिसतात. नखं कापलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण पुसलेली. लाळ पुसायला एक सुती फडकं खिशात.

कॅमेरा

उभ्यानं फोटो काढू नका. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. लेन्स कुत्र्याच्या धडाच्या मधोमध यायला हवी. लॅबची खांद्यापाशी उंची साधारण ५६ सेंटीमीटर, म्हणजे लेन्स जमिनीपासून सव्वा ते दीड फुटावर. मांडी घालून बसावं लागतं. जमिनीवरच्या पगसाठी सरळ पोटावर झोपा. कपडे त्या बेतानं घाला.

दुसरी गोष्ट अंतर. फोन जवळ नेलात तर कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो. पाच-सहा पावलं मागे जा आणि फोनची दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ८५ ते २०० मिलिमीटरच्या मधली लेन्स, शटर १/५०० किंवा त्याहून जलद, अॅपर्चर एफ ४ ते ५.६. कुत्र्याच्या बरगडीच्या बरोबर समोर बसा. तोंडाकडे सरकलात की मागचा भाग लहान होतो, शेपटीकडे सरकलात की उलट.

सूर्य तुमच्या पाठीशी किंवा किंचित बाजूला. काळ्या कुत्र्यासाठी फोनच्या पडद्यावर कुत्र्याच्या अंगावर बोट टेकवा म्हणजे केसांतला तपशील दिसेल. तो राखाडी दिसू लागला तर उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या पॉमेरेनियनला उघडं ऊन नकोच, सावलीतला सारखा उजेड बरा. हिरव्यागार गवताची छटा त्याच्या पांढऱ्या पोटावर चढते, हेही बघून घ्या.

तिसरा माणूस

एकानं कुत्रा धरायचा, एकानं फोटो काढायचा, आणि तिसऱ्यानं कान उभे करायचे. हा तिसरा माणूस कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहिला की कुत्रा कॅमेऱ्याकडे मान वळवतो आणि बाजूची आकृती मोडते. त्यानं कुत्र्याचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे, आठ-दहा पावलांवर उभं राहायचं. हातात शेवेची पिशवी. बडोद्याच्या कुत्र्याला त्या कुरकुर आवाजासारखं दुसरं काही नाही. पण नुसता आवाज. शेव द्यायची नाही, तिखट-मीठ त्याच्या कामाचं नाही. मनुका आणि कांदाही कुत्र्यांना विषारी, त्यामुळे खाऊच्या पिशवीत चिवडा वगैरे मिसळू देऊ नका.

आवाज आधी करायचा नाही. पाय मांडून झाले, हँडलरनं पट्टा सरळ वर धरला किंवा सैल सोडला, फोटो काढणारा ‘हं’ म्हणाला, की मग. कान पुढे येतात, तोंड मिटतं, मान उंचावते, आणि हे सगळं दोन सेकंद टिकतं. त्या दोन सेकंदांत बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ सलग, जितके फोटो निघतील तितके. तोच आवाज तिसऱ्यांदा केलात तर तो कानही हलवत नाही. मग किल्ल्या, मग शिट्टी. फोटोच्या लगेच आधी खाऊ भरवू नका, चघळताना जबडा वाकडा येतो. पहिल्या चार-पाच चांगल्या फोटोंनंतर पाणी पाजा, सोडा, पळू द्या. परत बोलावून आणखी एकदा करता येतं. तिसऱ्यांदा सहसा कंटाळा दिसतो.

निवड

मोठ्या पडद्यावर बघा, आणि त्याच क्रमानं: आधी पंजे, मग हॉक, मग पाठीची रेघ, मग शेपटी, मग मान, शेवटी डोळे आणि कान. घरचे सुंदर चेहऱ्याचा फोटो निवडतील. तो त्यांना फ्रेम करायला द्या. पट्ट्याची दोरी आणि हँडलरचा हात एडिट करून काढायला हरकत नाही. पाठ सरळ करणं, पोट आत घेणं, पाय जाड करणं यांना हात लावू नका. फोटो ब्रीडरला किंवा शोच्या कामासाठी पाठवायचा असेल तर कुत्र्याचं वय आणि फोटोची तारीख सोबत लिहा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून बारीक होतो आणि केसांचा पोत जातो.